न आलेल्या गाड्या

शिवडी म्हटलं की आता लोकांना फ्लेमिंगो आठवतात, फार तर अटल सेतू. आम्हा लालबागकरांना शिवडी म्हणजे आपल्या पाठीमागचा, गोदीकडे उतरणारा भाग. तिथे एके काळी मोटारी बाहेर पडत होत्या हे आमच्या चाळीत कोणाच्या गावीही नव्हतं. गिरण्यांबद्दल ज्याला त्याला सगळं पाठ. कुठल्या गिरणीत किती माग, कुठल्या खात्यात कोण जॉबर. पण मोटारींचा कारखाना आणि आपला भाग हे समीकरण डोक्यात बसतच नाही. तरी ते खरं आहे. १९२८ साली अमेरिकेच्या जनरल मोटर्सने शिवडीला कारखाना काढला. 'कारखाना' हा शब्द थोडा मोठाच झाला म्हणा. तिकडून सुटे भाग पेट्यांत भरून बोटीने यायचे, गोदीत उतरायचे, आणि शिवडीत त्यांची जोडणी होऊन शेवरोले गाड्या नि ट्रक तयार व्हायचे. फोर्डही पाठोपाठ मुंबईत आली.

हे सगळं उकरून काढायला निमित्त झालं माझ्या मावसबहिणीचं. ती असते न्यूझीलंडला, ऑकलंडमध्ये. फोनवर गाडीचा विषय निघाला तर म्हणाली, "अरे इथे जपानच्या जुन्या गाड्या येतात. सात-आठ वर्षं वापरलेल्या. आमची तीच आहे. झकास चालते, फक्त रेडिओ जपानीत बोलतो." आणि मग तिने विचारलं, "आपणही रस्त्याच्या डाव्या बाजूनेच चालवतो ना? मग आपल्याकडे का नाही आणत?"

प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर शोधता शोधता मी शिवडीपासून कुर्ल्यापर्यंत आणि कुर्ल्यापासून थेट आमच्या घरातल्या एका जुन्या भांडणापर्यंत जाऊन पोचलो. म्हणून म्हटलं, लिहूनच काढावं. (घरातली मंडळी हे वाचतात, तेव्हा भांडणाच्या तपशिलात काही चुकलं तर फोन येईलच.)

आधी जपानचं सांगतो. जपानमध्ये नव्या गाडीची पहिली सरकारी तपासणी तीन वर्षांनी होते आणि त्यानंतर दर दोन वर्षांनी. ही तपासणी खर्चिक असते. गाडी जुनी झाली की तपासणीचा आणि दुरुस्तीचा खर्च करत बसण्यापेक्षा ती विकून नवी घ्यावी असा हिशेब पुष्कळ लोक करतात. त्यामुळे धडधाकट गाड्या पडत्या भावात लिलावाला येतात. त्यांचं स्टिअरिंग उजव्या बाजूला, म्हणजे जिथे जिथे इंग्रजांनी रस्त्याची डावी बाजू शिकवून ठेवली त्या देशांत त्या जशाच्या तशा चालतात. न्यूझीलंड, केनिया, श्रीलंका, बांगलादेश. आणि अर्थातच आपण. जगाच्या नकाशावर या यादीतलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक कोण ठरलं असतं, हे सांगायला नकोच.

आता जरा मागे जाऊ. हिंदुस्थानात मोटारी नुसत्या जोडायच्या नाहीत तर बनवायच्या, हे स्वप्न मुंबईतच पाहिलं गेलं. विश्वेश्वरय्यांनी १९३५ च्या सुमारास युरोप-अमेरिकेतले कारखाने पाहून मुंबईसाठी योजना तयार केली. बाळासाहेब खेरांच्या मुंबई सरकारने तिला पाठिंबा दिला, पण दिल्लीतल्या इंग्रज सरकारला त्यात रस नव्हता. मग वालचंद हिराचंद हट्टाने मागे लागले आणि १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी राहिली, कारखाना कुर्ल्याला. स्वातंत्र्याच्या वर्षी तिथून डॉज आणि प्लिमथ गाड्या निघू लागल्या. त्याही सुरुवातीला जोडणीच्याच. महिंद्रांनीही त्याच वर्षी विलीज जीप जोडायला सुरुवात केली.

आणि त्याच काळात बाजारात दुसऱ्याही गाड्या होत्या, मिलिटरी डिस्पोजलच्या. महायुद्ध संपल्यावर दोस्त सैन्याचे ट्रक आणि जीपा इथेच विकल्या गेल्या. म्हणजे वापरलेली परदेशी गाडी आणि नुकता जन्मलेला देशी कारखाना यांची गाठ अगदी पहिल्याच दिवशी पडलेली होती.

१९४९ मध्ये सरकारने तयार गाड्यांची आयात बंद केली. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने सांगितलं की ज्यांच्याकडे इथेच भाग बनवण्याचा कार्यक्रम आहे त्यांनीच राहावं. नुसती जोडणी नको. जनरल मोटर्सने हिशेब केला आणि १९५४ मध्ये शिवडीचा गाशा गुंडाळला. फोर्डही गेली. उरले कुर्ल्याचे प्रीमियर, कलकत्त्याचे हिंदुस्थान मोटर्स आणि आणखी दोनचार.

मला हा निर्णय त्या वेळेपुरता बरोबर वाटतो. पेट्या उघडून स्क्रू पिळण्याने देशाला मोटार बनवता येत नाही. कास्टिंग, फोर्जिंग, गिअर कापणं, स्प्रिंगा, रेडिएटर, हे सगळं शिकायला कोणीतरी ते इथे विकत घेणारा लागतो. तो गिऱ्हाईक सरकारने कायद्याने तयार केला. पुण्या-मुंबईत जे शेकडो छोटे कारखाने उभे राहिले, ठाणे-भांडुप पट्ट्यात, साकीनाक्याला, पिंपरी-चिंचवडला, त्यातले कितीतरी या भिंतीच्या सावलीत वाढले. आमचे अण्णाकाका त्यातलेच. साकीनाक्याला दोन लेथ आणि एक ड्रिलिंग मशीन, भाड्याचा गाळा. फियाटचे बुश, पिना, सस्पेन्शनचे बारीकसारीक भाग करायचे आणि ऑपेरा हाउसच्या स्पेअरपार्टवाल्यांना द्यायचे. आजोबा गिरणीत साचेवाले, आणि मुलगा लेथवर. लालबागच्या घरात ही बढतीच होती.

पण भिंतीची दुसरी बाजूही आहेच. १९६४ मध्ये कुर्ल्याहून फियाट ११०० डिलाइट निघाली. पुढे तिचं नाव प्रेसिडेंट झालं, मग पद्मिनी. नाव बदललं, जाळी बदलली, दिवे बदलले, पण गाडी तीच. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं. घेणारा दारात रांग लावून उभा असेल तर गाडी सुधारायची कोणासाठी? ज्यांच्याकडे पैसा आणि ओळख होती ते दुसरी वाट शोधायचे. वकिलातीतले परदेशी अधिकारी जाताना आपल्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनला विकायचे आणि ती त्यांचा लिलाव करायची. कोणी आखातातून कायमचं परतताना ड्यूटी भरून एखादी टोयोटा घेऊन यायचं. अशी गाडी गल्लीत आली की आम्ही पोरं काचेला नाक लावून स्पीडोमीटरवरचा शेवटचा आकडा वाचायचो. 'इम्पोर्टेड' या शब्दाला तेव्हा जे वजन होतं ते आजच्या मुलांना समजावून सांगता येणार नाही. सेकंडहँड असली तरी इम्पोर्टेड!

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. तिच्या पहिल्या खेपांत जपानहून आलेलेच भाग जास्त होते, पण एकेक भाग इथे बनवून घेण्याचं बंधन होतं आणि मारुतीने ते मनावर घेतलं. कुर्ल्याने १९८५ मध्ये ११८ एनई काढली, जुन्या फियाट १२४ च्या अंगात निस्सानचं इंजिन बसवून. दहा वर्षांनी प्यूजो ३०९ झाली, मग १९९६ मध्ये उनो. उनोच्या बुकिंगला लोक तुटून पडले होते. मला ती वर्तमानपत्रं अजून आठवतात. पण कामगारांचे तंटे, पैशाची ओढाताण आणि फार उशिरा आलेली जाग, या सगळ्यात कुर्ला थकत गेलं. उनोचं काम १९९७ मध्ये फियाटने आपल्या हातात घेतलं आणि नवं शतक उजाडता उजाडता पद्मिनीचं उत्पादन थांबलं. प्रीमियर कंपाउंडात आता उंच इमारती आहेत.

इथे मला थांबून एक गोष्ट नोंदवायची आहे. आमच्या लहानपणी 'परदेशी माल आला की आपले कारखाने बुडणार' हे वाक्य पानाच्या टपरीपासून युनियनच्या सभेपर्यंत सगळीकडे ऐकू यायचं. पण लालबागच्या गिरण्या परदेशी कापडाने बुडवल्या नाहीत. परदेशी कापडाला तेव्हा दार बंदच होतं. गिरण्या जुन्या मागांवर चालत राहिल्या, कापड हळूहळू पॉवरलूमकडे सरकत गेलं, आणि १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाने उरलंसुरलं संपवलं. अडीच लाखांच्या आसपास कामगार होते त्यात, आणि आमचे आजोबा त्यातले एक. कुर्ल्याच्या कारखान्याचंही तेच. बाहेरून जुन्या गाड्यांचा लोंढा आला आणि तो बुडाला, असं झालंच नाही.

गंमत म्हणजे लोंढ्याची खरी भीती आली ती पद्मिनी संपल्यावर!

झालं असं की परकीय चलनाची चणचण या सबबीखाली आपण शेकडो वस्तूंच्या आयातीवर बंधनं ठेवली होती. अमेरिकेने १९९७ मध्ये ते प्रकरण जागतिक व्यापार संघटनेकडे नेलं. १९९९ मध्ये निकाल आपल्या विरुद्ध गेला आणि १ एप्रिल २००१ पासून शेवटच्या ७१५ वस्तूंवरची बंधनं उठवायचं ठरलं. त्या यादीत जुन्या गाड्याही होत्या. वर्तमानपत्रांतून बातम्या सुरू झाल्या, जपानी गाडी आता लाखभरात. मारुती ८०० तेव्हा दोन-सव्वादोन लाखांना पडायची. हिशेब कोणालाही कळण्यासारखा होता.

त्या वर्षी पाडवा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात होता. आमच्या घरी जेवायला अण्णाकाका आणि भाईमामा दोघे आले होते. मामाचं लालबागला गॅरेज, म्हणजे एक पत्र्याची शेड, त्यात एक गाडी आत आणि चार बाहेर फुटपाथला लागून. मामा फियाटचा डॉक्टर. आवाजावरून सांगायचा, टॅपेट आहे की टायमिंग चेन. श्रीखंड वाढून होतं न होतं तोच विषय निघाला.

काका म्हणाले, "या गाड्या आल्या तर आम्ही मेलो. गाडी तिकडची, तिचे पार्टही तिकडचेच येणार. जुन्या गाड्या कापून, अर्ध्या अर्ध्या करून कंटेनर भरून आणतील. माझा बुश कोण घेईल मग?"

मामा म्हणाला, "अहो अण्णा, येऊ द्या की! जुनी गाडी म्हणजे काम. मला काय, फियाट असो नाहीतर टोयोटा. बिघडलेली गाडी पाहिजे फक्त."

"तुला तिचं इंजिन तरी उघडता येईल काय?"

"आजवर उघडली नाहीत काय? अँबॅसेडरमध्ये जपानी डिझेल इंजिन कोणी बसवलं, कंपनीने?"

ते खरंच होतं. त्या काळात जुनी जपानी डिझेल इंजिनं भंगाराच्या वाटेने येत आणि अँबॅसेडरमध्ये, जीपमध्ये बसवली जात. पेट्रोलचा खर्च निम्म्यावर यायचा. हे काम मामासारख्या मिस्त्रींनीच केलेलं होतं, कुठलंही पुस्तक न वाचता. आईने दोघांनाही पुरी वाढून गप्प केलं, पण विषय त्या दिवशी मिटला नाही.

आमच्या घरातलं हे भांडण म्हणजे या सगळ्या प्रश्नाचा गाभा आहे, असं मला आता वाटतं. 'देशी उद्योग' असं आपण एका दमात म्हणतो, पण त्यात लेथवाला आणि गॅरेजवाला दोघेही असतात, आणि या एका बाबतीत दोघांची पोटं वेगवेगळ्या बाजूला आहेत. काकाला नवी देशी गाडी हवी होती. मामाला गाडी जुनी हवी होती, मग ती कुठलीही चालली असती.

दिल्लीने काकाची बाजू घेतली. (काकाला विचारून नव्हे, मोठ्या कंपन्यांचा आग्रह होताच.) यशवंत सिन्हांनी फेब्रुवारी २००१ च्या बजेटमध्ये जुन्या गाड्यांवरची कस्टम ड्यूटी १०५ टक्के केली. त्यावर एक्साइजइतकी आणखी ड्यूटी, त्यावर आणखी चार टक्के. सगळं मिळून १८० टक्क्यांच्या वर जायचं. म्हणजे शंभराची गाडी दोनशे ऐंशीला. त्यातही शंभर म्हणजे तुम्ही लिलावात मोजलेले शंभर नव्हेत. गाडी नवी असतानाची किंमत धरून त्यातून ठरलेल्या दराने घसारा वजा करायचा आणि उरेल त्यावर ड्यूटी. जपानमध्ये पडत्या भावात मिळाली याचा फायदाच उरत नाही. मग ३१ मार्चला मुरासोली मारन यांनी आयात-निर्यात धोरणात अटी घातल्या. गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी नको. स्टिअरिंग उजवीकडे हवं, स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये हवा. पुढची निदान पाच वर्षं ती रस्त्यावर चालण्याजोगी असल्याचा दाखला हवा. इथे आल्यावर पुण्याची एआरएआय किंवा नगरची व्हीआरडीई अशा संस्थेकडून तपासणी हवी. आणि सगळ्यात मजेदार अट म्हणजे, गाडी देशात कुठेही न्यायची असो, ती उतरवायची फक्त मुंबई बंदरात.

दार उघडं आहे असं जिनिव्हाला दाखवायचं आणि उंबरठा माणसाच्या डोक्याएवढा करायचा! तीन वर्षांची अट तर फारच नेमकी होती. जपानी माणूस पहिल्या तपासणीपर्यंत, म्हणजे तीन वर्षं तरी, गाडी सहसा ठेवतोच. स्वस्त गाड्यांचा खरा ढीग त्यानंतर सुरू होतो. आपण रेघ बरोबर त्याच्या अलीकडे मारली.

लोंढा आलाच नाही. श्रीमंतांच्या काही महागड्या गाड्या आल्या असतील, पण मामाच्या शेडबाहेर एकही जुनी टोयोटा लागली नाही.

न्यूझीलंडने नेमकं उलट केलं. तिथेही शिवडीसारखे जोडणीचे कारखाने होते. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तिथे जपानच्या जुन्या गाड्यांना दार मोकळं झालं, आणि १९९८ मध्ये सरकारने गाड्यांवरची ड्यूटीच काढून टाकली. त्या एकाच वर्षात टोयोटाचा थेम्सचा, मित्सुबिशीचा पोरिरुआचा, होंडाचा नेल्सनचा आणि निस्सानचा ऑकलंडजवळचा, असे चारही कारखाने बंद झाले. थेम्स हे छोटंसं गाव. तिथल्या लोकांना काय वाटलं असेल हे लालबागच्या माणसाला वेगळं सांगायला नको. पण हेही खरं की माझ्या मावसबहिणीसारख्या, नव्याने जाऊन वसलेल्या बाईला पहिल्याच वर्षी चांगली गाडी परवडली. तेव्हा चाळीसेक लाख वस्ती असलेल्या देशाने आपली वेगळी मोटार बनवत बसावं का, हाही प्रश्नच आहे. मला वाटतं, त्यांच्यापुरतं त्यांचं बरोबर होतं.

नायजेरियाची गोष्ट जास्त चटका लावणारी आहे. तेलाच्या पैशावर सत्तरच्या दशकात तिथे कदुनाला प्यूजोचा आणि लागोसला फोक्सवॅगनचा कारखाना उभा राहिला. मग तेलाचे भाव कोसळले, १९८६ नंतर त्यांचा नायरा घसरला, आणि मध्यमवर्गाला नवी गाडी स्वप्नातही परवडेना. युरोपातून वापरलेल्या गाड्या येऊ लागल्या. त्यांना तिथे 'तोकुंबो' म्हणतात. योरुबा भाषेत त्याचा अर्थ समुद्रापलीकडून आलेला. कारखाने मान टाकत गेले. हे पाहून कोणी म्हणतं, तोकुंबोंनी उद्योग मारला. पण गिऱ्हाइकाच्या खिशातच पैसे नव्हते, तर तोकुंबो नसते तरी नवी गाडी कोणी घेतली असती? बहुधा लोक पायी गेले असते. दुसरीकडे हेही आहे की एकदा स्वस्त जुन्या गाडीची सवय लागली की पुढे दिवस पालटले तरी कारखान्याला पुन्हा उभं राहायला जागा उरत नाही. केनियात आठ वर्षांपर्यंतच्या गाड्या आणायला परवानगी आहे, आणि तिथले कारखाने मुख्यतः ट्रक-बसवर तगून आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाने २०२० साली मोजदाद मांडली, त्यानुसार २०१५ ते २०१८ या काळात जगभरात १ कोटी ४० लाख वापरलेल्या हलक्या गाड्या एका देशातून दुसऱ्या देशात गेल्या, त्यातल्या सगळ्यात जास्त आफ्रिकेत. त्यात धूर ओकणाऱ्या, एअरबॅग काढून टाकलेल्या गाड्याही असतात. तेव्हा मामाची बाजू कितीही गोड वाटली तरी तिच्यामागे हा धूर आहे, हे विसरून चालणार नाही.

मग आपली भिंत बरोबर की चूक? आकडे काकाच्या बाजूने आहेत. २००१ नंतर चाकण, तळेगाव, चेन्नई, गुडगाव, साणंद इथे जे उभं राहिलं ते जुन्या गाड्यांच्या लोंढ्यात उभं राहिलं असतं असं मला वाटत नाही. २०२२ मध्ये नव्या वाहनांच्या विक्रीत आपण जपानलाच मागे टाकून जगात तिसरे झालो. १९६४ च्या भिंतीपेक्षा ही भिंत वेगळी होती, कारण आत दहा-बारा कंपन्या एकमेकींच्या उरावर बसलेल्या होत्या. रांगेत उभं राहणारं गिऱ्हाईक राहिलं नव्हतं. ही आयातबंदी नव्हे तर आतली मारामारी कामाला आली, असं माझं मत. कुर्ल्याला ती मारामारी चाळीस वर्षं लवकर मिळाली असती तर काय झालं असतं, या विचाराने मात्र अजून हुरहुर लागते.

पण जिंकलेल्या बाजूचे आमचे काका जिंकले का? त्यांच्या मालाला गिऱ्हाईक पद्मिनी टॅक्सी. नव्या कंपन्यांना लागणारे भाग मोठ्या पुरवठादारांकडून, संगणकावर चालणाऱ्या मशिनींवर व्हायचे. दोन लेथच्या गाळ्याला तिथे कोण विचारणार? काका टॅक्सीवाल्यांवर जगले. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा लागल्यावर रस्त्यावरच्या पद्मिनी एकेक करून कमी होऊ लागल्या आणि ऑपेरा हाउसच्या ऑर्डरी पातळ झाल्या. मग त्यांनी पाण्याच्या पंपांचे भाग सुरू केले, आणि सत्तरीला गाळा सोडला. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदलेली होती. वीस वर्षं भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर अशी टॅक्सी उरली नाही. त्या दिवशी मी काकांना फोन केला. म्हणाले, "बुशचा एक डबा आहे माळ्यावर. हवाय का कोणाला, विचार."

मामाचं वेगळंच झालं. नवी गाडी घेणारा पहिली तीन-चार वर्षं वॉरंटीसाठी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जातो. तिथे बिल छापील, बसायला एसी. फुटपाथच्या गॅरेजकडे गाडी येते ती म्हातारी झाल्यावर, आणि आल्यावर कळतं की तिच्यात चार कॉम्प्युटर आहेत. मामाने स्कॅनर घेतला, भाच्याकडून इंग्रजी कोड वाचून घेतले (भाचा म्हणजे मीच), सँट्रो आणि वॅगनआर शिकला. नैरोबीला किंवा लागोसला असता तर जुन्या टोयोटांवर त्याने चार पोरं हाताखाली ठेवली असती, असं तो स्वतःच म्हणायचा. मला ते पटतं. भिंत घालून आपण कारखान्यातल्या नोकऱ्या वाचवल्या हे मोजता येतं. गॅरेजमधल्या ज्या नोकऱ्या कधी झाल्याच नाहीत त्या कुठल्या रजिस्टरात लिहिणार?

आता ही भांडणं दुसऱ्यांच्या बंदरात चालू आहेत. आपली नवी छोटी गाडी ढाक्याला पोचते तेव्हा तिच्या शेजारी जपानहून आलेली 'रिकंडिशन्ड' गाडी उभी असते, आणि ढाक्याचा गिऱ्हाईक बहुतेक वेळा तिच्याकडेच वळतो. श्रीलंकेने २०२० मध्ये चलन वाचवायला गाड्यांची आयात बंद केली, ती २०२५ मध्ये उघडली, आणि जपानच्या वापरलेल्या गाड्या पुन्हा कोलंबोला उतरू लागल्या. २००१ मध्ये आपले कारखानदार दिल्लीत जे गाऱ्हाणं सांगत होते, ते आता त्यांच्या एक्सपोर्ट खात्याला शेजाऱ्यांच्या राजधानीत सांगावं लागतं.

आणि मुंबई बंदर? जिथून जुन्या गाड्या आत येऊ देण्याची मेहेरबानी केली होती, तिथून नव्या गाड्या बाहेर जाऊ लागल्या. चाकणच्या फोक्सवॅगन, तळेगावच्या शेवरोले, मोठ्या बोटींत चढून मेक्सिकोपर्यंत. हो, शेवरोलेच. जनरल मोटर्स नव्वदच्या दशकात परत आली होती, पुढे तळेगावला मोठा कारखाना काढला होता. २०१७ च्या शेवटी त्यांनी भारतात गाड्या विकणं बंद केलं, आणि २०२० च्या डिसेंबरात तळेगावचं उत्पादनही थांबवलं. कारखाना पुढे ह्युंदाईने घेतला. शिवडीतून १९५४ मध्ये गेले तेव्हा आणि तळेगावातून गेले तेव्हाही, जुन्या गाड्यांना दार बंदच होतं.

मावसबहिणीला हे सगळं फोनवर सांगायला घेतलं, तर ती म्हणाली, "लिहून पाठव, माझी गाडी सर्व्हिसिंगला द्यायची आहे." तिचा मेकॅनिक फिजीचा आहे, गुजराती. जपानी गाड्या सोडून दुसरं काही उघडत नाही म्हणे.